बेटाचे कंट्रोलर

आमच्या घरमालकांना हसू आलं की ते उजव्या हाताची मूठ तोंडासमोर धरत आणि मगच हसत. तीस वर्षं कंधारच्या बसस्टँडवर माईक धरून त्यांनी गाड्या पुकारल्या होत्या, त्याची ही सवय. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लहान लेकरांना, सगळ्यांना ते 'कंट्रोलर'. मी आल्या आल्या काकूंना विचारलं, "काका आहेत का घरात?" तर काकू म्हणाल्या, "कोन काका?" मग माझ्या ध्यानात आलं. तेव्हापासून मी पाठीमागे त्यांना कंट्रोलरच म्हणायचे. तोंडावर मात्र काका.

मी तेव्हा त्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होते. मूळची लातूरची. आमच्याकडे प्यायचं पाणी आठ-दहा दिवसांनी नळाला येतं, आणि बदली झाली ती चहूकडून पाण्यात बसलेल्या गावात. धरण झालं तेव्हा खालची शेतं बुडाली आणि टेकाडावरचं गाव तेवढं राहिलं. तीन बाजूंना बारमाही पाणी. चौथ्या बाजूची वाट पावसाळ्यात बुडायची ती होळीच्या सुमाराला वर यायची. तोवर येणं-जाणं सगळं मारोती नावाड्याच्या इंजिनच्या नावेतून. कंधारच्या बाजारात या लोकांना 'बेटवाले' म्हणत, आणि ते काही कौतुकानं म्हणत नसत. बेटवाला म्हणजे उशिरा येणारा, ओल्या पायांचा, चार वाजले की घरी पळणारा माणूस.

कंट्रोलरांनी त्या शब्दाचं काय केलं ते मला पहिल्याच दिवशी कळलं. माझ्या एका हातात बॅग, दुसऱ्या हातात लसीची थंड पेटी. नाव काठाला लागली. वर पांढऱ्या शर्टातला, कडक इस्त्रीचा, पायात चप्पल नसलेला एक उंच माणूस उभा होता. लिंबाच्या झाडाला भोंगा बांधलेला, हातात माईक.

"सिस्टरबाई, थांबा जरा. कोणत्या कवीच्या गावात आलात, ठाऊक हाय का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग ऐका आन उतरा."

"काका, लस गरम होईल."

"चांदपाशाची लई लहान हाय. व्हते का गरम तेवढ्यात?" असं म्हणून त्यांनी भोंग्यातून पुकारलं, "लक्ष द्या. टेलर चांदपाशा यांची कविता नावेजवळ येत हाय. प्रवाशांनी जागेवरच बसून राहावं."

चांदपाशा गावचा एकुलता एक शिंपी. धक्क्याजवळच त्याचं दुकान होतं. तो गळ्यात टेप तसाच ठेवून दारात आला आणि अगदी सहज म्हणाला,

"पानी आके बोला मेरेकू, मेरा बी कुर्ता सीना,
मैं बोला नाप कायका लेऊँ, तेरेकू पीठ ना सीना."

कुर्ता शिवायला सांगणाऱ्या पाण्याला ना पाठ ना छाती. मला हसू आलं, आणि त्याच क्षणी कसंतरीही झालं, कारण दुकानाच्या भिंतीवर मला कमरेइतकी पाण्याची खूण दिसत होती. मी उतरले. पेटीतला बर्फ शाबूत होता.

असं ते प्रत्येकाला करत. शिरगणतीवाल्याला, मीटर बघायला येणाऱ्याला, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना. एकदा निवडणुकीला एक उमेदवार आला. पूल बांधून देतो म्हणाला. कंट्रोलरांनी त्याला नावेतच उभं करून विचारलं, "आमच्या गावचा एक कवी सांगा." त्यानं जरा विचार करून एका संताचं नाव घेतलं. कंट्रोलर म्हणाले, "ते सगळ्यांचे हायत. आमचा सांगा." उमेदवारानं सोबतच्यांकडे पाहिलं, सोबतच्यांनी पाण्याकडे पाहिलं. शेवटी त्याला तीन कविता ऐकूनच वर येऊ दिलं. पूल काही झाला नाही, पण पुढच्या वेळी तो आला तेव्हा चांदपाशाचं नाव पाठ करून आला होता. ही गोष्ट सांगताना कंट्रोलरांची मूठ आपोआप तोंडासमोर जायची.

त्यांनी स्वतः जन्मात एक ओळ लिहिली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कंट्रोलर गाडी चालवत न्हाई. पन कंट्रोलरबिगर गाडी सुटत बी न्हाई."

हे वेड लागलं कुठून, हेही एकदा विचारलं होतं. दुपारची वेळ, ओसरीवर काकू तुरी पाखडत होत्या. कंट्रोलर सुपातले खडे वेचायला बसले. मग म्हणाले, "तीस वर्सं समद्या गावांची नावं घेतली मी. हदगाव, अर्धापूर, मुखेड, लोहा. दिवसातून धा धा येळा. माझ्या गावाला गाडीच न्हाई, तर त्याचं नाव कवा घेनार? एकदा बी न्हाई घेतलं. रिटायर झालो त्या दिवशी वाटलं, माईक हातात हाय तवर घेऊन टाकावं. पन खोटं कसं पुकारायचं? गाडी नसताना." काकू सूप थांबवून म्हणाल्या, "घरी येऊन रडले व्हते."

घरी आल्यावर त्यांनी पाहिलं की गावाकडे पुकारण्यासारखं एकच काही आहे. चांदपाशा कपडे शिवता शिवता शेर जुळवतो. मारोती नावेत बसून माणसांवर टोमणेवजा ओळी करतो. दळताना, निंदताना बायका ओव्या रचतात आणि विसरून जातात. शंभर-सव्वाशे घरांच्या गावात त्यांना पहिल्या वर्षीच अकरा कवी सापडले. मग त्यांनी येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळअमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी कवितेचा दिवस सुरू केला. येळवशीला आमच्याकडे सगळं गाव शेतात जाऊन जेवतं. दुसऱ्या दिवशी भज्जीची भाजी, आंबील उरलेली असते, माणसंही निवांत असतात. दुपारी मारुतीच्या पारापुढे सतरंज्या पडत आणि कंट्रोलर एकेका कवीला पुकारत.

त्यांचे नियम कडक. टाळ्या बंद. कविता झाली की एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं. "गाडी आली की थांबती न्हवं जरा? मानसं उतरतात, चढतात. तसंच हाय हे." दुसरा नियम, बघितल्याशिवाय लिहायचं नाही. शाळेतल्या मास्तरांनी एकदा समुद्रावर कविता म्हटली. कंट्रोलरांनी मधेच विचारलं, "समुद्र कवा बघितला, गुरुजी?" मास्तर म्हणाले, "अजून नाही." "मग आधी बघून या. तवर आपलं धरन हाय की. त्याच्यावर लिवा." मास्तर रागावून दोन वर्षं आले नाहीत. तिसऱ्या वर्षी आले ते धरणातल्या बेशरमाच्या झुडपांवर कविता घेऊन. चांगली होती. कंट्रोलरांनी त्यांच्या मिनिटाला स्वतः डोळे मिटले होते.

आणि गयाबाई. साठीच्या पुढची, काटक, कपाळभर गोंदण. ती कधी पारापुढे बसायची नाही, बाजूला भिंतीला टेकून बसायची. कंट्रोलर तिला 'बाई' म्हणत, एवढंच. पण बाकीचे कवी दोन-दोन वेळा पुकारले तरी चालायचं, गयाबाईचं नाव एकदाच आणि सगळ्यांत शेवटी. तिची एक ओवी सगळ्या बेटाला पाठ होती.

"पाण्याखाली गं वावर, वावरात माझी बोर,
हळू हाण रं नावाड्या, तिथं निजलं माझं पोर."

धरणाआधी तिचं शेत खाली होतं. पहिलं लेकरू पाचव्या दिवशी गेलं. त्याला बांधावरच्या बोरीखाली मूठमाती दिली. मग धरण आलं. मारोती त्या जागेवरून जाताना इंजिन बारीक करायचा, हे मी कितीदा पाहिलं होतं. मला कारण कळलं ते त्या ओवीनं.

माझ्या दुसऱ्या वर्षी नांदेडच्या एका महाविद्यालयातले प्राध्यापक दोन विद्यार्थ्यांना घेऊन लोकगीतं गोळा करायला आले. कंट्रोलरांनी त्यांना डोक्यावर घेतलं. दिवसभर माईकवरून एकेकाचं नाव पुकारून गाणी म्हणायला लावली. विद्यार्थी मोबाइलवर रेकॉर्ड करत होते. गयाबाईनं दहा-बारा ओव्या म्हटल्या. जाताना प्राध्यापकांनी कंट्रोलरांचे हात हातात घेतले. माणूस खरंच भारावला होता.

वर्षभरानं पोस्टानं पुस्तक आलं. ते घेऊन कंट्रोलर माझ्याकडे उपकेंद्रात आले. त्यांचा चष्मा फुटला होता. "सिस्टरबाई, वाचा," म्हणाले आणि बाकावर ताठ बसले. मी वाचत गेले. पान उलटता उलटता गयाबाईची ओवी सापडली. एकही शब्द चुकला नव्हता. खाली छापलं होतं, 'पारंपरिक. रचनाकार अज्ञात.' त्याखाली बारीक अक्षरात स्पष्टीकरण होतं की पोर म्हणजे इथे बुडालेलं पीक.

मी थांबले. ते म्हणाले, "अज्ञात म्हंजे काय?"

"माहीत नसलेला."

"कुनाला माहीत नसलेला?"

मी पुस्तक मिटलं. कंट्रोलर ते माझ्याकडेच ठेवून निघून गेले. पुढचे तीन दिवस भोंगा बंद होता. नाव आली-गेली, माणसं उतरली, कुणी कुणाला काही विचारलं नाही. गावाला ते इतकं विचित्र वाटलं की चौथ्या दिवशी चांदपाशा दुकान बंद करून मला बोलवायला आला. "कंट्रोलर को देखो ना, बीपी-बीपी हुआ क्या."

बीपी ठीक होतं. ते ओसरीवर बसून भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "चूक माजी हाय. मी नाव बोललो, लिहून न्हाई दिलं. तीस वर्सं बोललेलं खरं व्हायचं. नांदेड म्हनलं की गाडी नांदेडलाच जायाची. मला वाटलं, हे बी तसंच असंल."

मी म्हटलं, प्राध्यापकांना पत्र लिहू. ते म्हणाले, पत्र नको, आपण जाऊ, बाईला घेऊन जाऊ. त्या पुस्तकावर महाविद्यालयात चर्चेचा कार्यक्रम ठेवला होता, त्याची पत्रिका पुस्तकातच होती.

गयाबाई तयार नव्हती. आम्ही दोघं तिच्या दारात गेलो तेव्हा ती शेणी थापत होती. थांबली नाही. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "पाच दिसांचं व्हतं ते. बारसं बी झालं न्हवतं. त्याला नाव न्हाई, तर गान्याला नसलं म्हनून काय बिघडलं?"

मी कंट्रोलरांकडे पाहिलं. मग ते तिच्यासमोर चवड्यावर बसले. इस्त्रीची पँट शेणात टेकली. हळू म्हणाले, "बाई, त्याला नाव न्हाई म्हनूनच. त्याच्या मायचं तरी असू दे."

तिनं पुढची शेणी थापली. मग हात धुवायला उठली. "कवा जायाचं?" एवढंच विचारलं.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही चौघं निघालो. कंट्रोलर, गयाबाई, चांदपाशा आणि मी. मारोतीनं पलीकडे सोडलं, तिथून जीपनं कंधार, कंधारहून गाडीनं नांदेड. कंधारच्या स्टँडवर कंट्रोलरांना बघून चालक-वाहक उठून उभे राहिले. त्यांनी नुसता हात वर केला. गयाबाईला खिडकीजवळ बसवलं आणि सबंध रस्ताभर पुस्तक मांडीवर धरून ठेवलं.

हॉल भरलेला होता. आम्ही मागच्या रांगेत बसलो. प्राध्यापक चांगलं बोलत होते. बेटाबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले. मग त्यांनी ती ओवी वाचली आणि म्हणाले, कोण्या एका अनाम स्त्रीनं, कोण जाणे केव्हा, हे पिकाचं दुःख आईच्या भाषेत सांगितलं आहे.

कंट्रोलर उठले. त्यांच्या हातात माईक नव्हता. लागलाही नाही.

"लक्ष द्या. ज्या बाईचं हे गानं हाय, ती ह्याच हॉलमध्ये बसलेली हाय. आमच्या गावच्या कवी, गयाबाई."

सगळ्या माना मागे वळल्या. मी गयाबाईचा हात धरला. तिनं माझा हात सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि उभी राहिली. प्राध्यापक गोंधळले, पण आवाज मऊ ठेवून म्हणाले, "आजी, ही ओवी तुम्ही कुणाकडून ऐकलीत?"

"कुनाकडून ऐकू, बाबा," गयाबाई म्हणाली. "पोर माझंच व्हतं."

मग ती पुढं म्हणाली, "आन ती एकटीच न्हाई. आनखी नऊ हायत तिच्यामागं. तुमच्या पोरांचा मोबाइल बंद पडला व्हता तवा म्हनलेल्या." आणि कुणी म्हण म्हणायच्या आत तिनं चाल धरली. बोर लावली तेव्हाची ओवी, लेकराला न्हाऊ घातलं तेव्हाची, पाणी पहिल्यांदा बांधाला लागलं तेव्हाची. जात्यावरच्या संथ चालीत, डोळे समोर कुठंतरी लावून. नववी संपली तेव्हा पुढच्या रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले. कंट्रोलरांनी मागूनच तळहात दाखवला. ते हात तसेच खाली गेले. एक मिनिट तो अख्खा हॉल गप्प बसला होता. मी आजवर पुष्कळ ठिकाणी मान मिळालेला पाहिला आहे, पण तसा नाही.

प्राध्यापक व्यासपीठावरून खाली उतरून आमच्या रांगेपर्यंत चालत आले. हात जोडून म्हणाले, "चूक माझी आहे. पूर्ण नाव सांगा, मी आत्ता लिहून घेतो." खिशातून पेन काढलं. "गयाबाई... यजमानांचं नाव?"

"माझंच लिवा," गयाबाई म्हणाली. "त्यांनी एक बी ओवी न्हाई म्हटली कवा."

पुस्तकं छापून झालेली होती. प्राध्यापकांनी दुरुस्तीची चिठ्ठी छापून घेतली आणि ती प्रत्येक प्रतीत लावायची असं ठरलं. कंट्रोलर म्हणाले, लावायला मी येतो. दोन दिवस ते ग्रंथालयात बसून एकेका पानावर डिंकानं चिठ्ठी लावत होते. 'अज्ञात' या शब्दावर बरोबर बसेल अशी. वाकडी बसली तर काढून पुन्हा लावत. घरी आले तेव्हा बोटांची कातडी सोलली होती. मी मलम लावायला गेले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बरं वाटून राहिलंय."

त्यानंतर त्यांनी एक जाड वही आणली. कवीनं म्हटलं की लगेच लिहायचं, नावासकट, आणि त्या माणसाला वाचून दाखवायचं. वहीला कुणाला हात लावू देत नसत, काकूंनासुद्धा नाही.

पुढच्या येळवशीच्या दुसऱ्या दिवशी मारोतीला अकरा खेपा कराव्या लागल्या. कंधारहून माणसं आली, अर्धापूरहून केळीचे घड घेऊन एक अख्खं कुटुंब आलं, प्राध्यापक आपल्या वर्गाला घेऊन आले. नावेत बसलेला प्रत्येकजण उतरायच्या आधीच कवींची नावं सांगत होता, त्यामुळे कंट्रोलरांना प्रश्न विचारायला जागाच उरली नव्हती. पारापुढं बसायला जमीन पुरेना. चांदपाशानं नवा शेर म्हटला. मास्तरांनी बोरीवर कविता म्हटली. म्हणण्याआधी, "मी पाहिली आहे, मारोतीनं उन्हाळ्यात शेंडा दाखवला," असं स्वतःच सांगून टाकलं.

शेवटी कंट्रोलरांनी गयाबाईला पुकारलं. ती या वेळी भिंतीजवळून उठून पारापर्यंत आली. माणसं वाट बघत होती, ती एकच ओवी ऐकायची म्हणून लांबून आलेली. गयाबाई म्हणाली, "ती म्हनून झाली. आता पुस्तकात हाय, तिथं वाचा. ही नवी हाय." आणि कंट्रोलरांकडे न बघता म्हणाली,

"बोलतो गं बोलतो, याला थांबवीना कोणी,
बेटाच्या भवती निम्मं याच्या बोलण्याचं पाणी."

सगळं गाव हसलं. काकू तर पदर तोंडात धरून हसल्या. कंट्रोलर माईक धरून तसेच उभे होते. सगळ्यांना पुकारणाऱ्या त्या माणसाला कुणी कवितेत घातलं नव्हतं आजवर. हसणं हळूहळू थांबलं, मग आपोआप सगळे गप्प बसले, आणि त्या शांततेत ते पारावरून उतरून माझ्यापाशी आले. वही माझ्यापुढं केली.

"सिस्टरबाई, तुमी लिवा. माझ्यावरचं मीच कसं लिवू?"

मी पहिल्यांदा ती वही हातात घेतली. ओवी लिहिली, खाली गयाबाईचं नाव लिहिलं आणि तिला वाचून दाखवली. कंट्रोलरांनी चष्मा नाकावर चढवून पान डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ बघितलं. मग एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले,

"'भोवती' न्हाई. 'भवती'. बाई जसं बोलली तसंच लिवा."